साडीखालचं वाळवण

ये गं, इकडं ये. अशी दाराजवळच्या खुर्चीत, तीही टोकावर, वसुलीला आलेल्या माणसासारखी बसू नकोस. परवाच्या रविवारी अशीच बसलीस. अर्धा कप चहा प्यालीस, दोनदा बाथरूममध्ये जाऊन आलीस आणि "मावशी, मला कॉल आहे" म्हणून ऐरोलीला पळालीस. रविवारी कसला गं कॉल? मला काय कळत नाही? तू गेलीस आणि तुझ्याशी बोलायचं सगळं माझ्या घशात अडकून राहिलं, ते आता लिहून काढतेय. तुझं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुन्हा या घरात पाय ठेवायची नाहीस. आणि मावश्यांना भाच्या काय थोड्या असतात! ज्या भाचीला लागू पडेल तिनं आपलं समजावं.

पण रागावणार आहे मी, ते ऐकून घे. लग्न ठरलंय तुझं. मुलगा तुझ्या पसंतीचा, तूच शोधून आणलेला. आणि आता म्हणतेस एवढ्यात नको, पुढं ढकला, जमलं तर मोडाच. कारण विचारलं की तोंडाला कुलूप. तुझी आई, माझी धाकटी बहीण शालन, साताऱ्याहून रोज फोन करते. "अक्का, हिचं दुसऱ्या कुणाशी तरी आहे बघ. ऑफिसातलाच असणार." तुझ्या बापाला वाटतं, मुलातच काहीतरी खोट आहे आणि पोरगी आपल्याला सांगत नाही. ज्याला त्याला आपापला संशय. मलाही आहे, पण माझा निराळा आहे. तू बाथरूममधून बाहेर आलीस ना, तेव्हा तुझ्यामागून एका मलमाचा वास आला. हळदीकुंकवाच्या गर्दीत, अत्तर-गजऱ्यांच्या घमघमाटातसुद्धा मी तो वास ओळखीन.

दिवसही तेच आलेत बघ. श्रावण सरून भाद्रपद लागलाय. पाऊस पडून पडून स्वतःच कंटाळलाय, तरी जायचं नाव घेत नाही. या दिवसांत आमच्या सानपाड्यात भिंतीला हात टेकला तर भिंत हाताला चिकटते. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. खाडीकडून वारा येतो, तोही अंघोळ करून आल्यासारखा. घरभर दोऱ्या बांधलेल्या, पॅसेजमध्ये कपड्यांचा स्टँड, दारांवर टॉवेल. जेवायला बसलं की डोक्यावर कुणाचा तरी पायजमा लोंबत असतो. कपडे वाळत म्हणून नाहीत, नुसते गार होतात. आणि गार कापड ओलं आहे की कोरडं, ते हाताला कळत नाही. म्हणून मी प्रत्येक कापड गालाला लावून बघते, मग नाकाला, मग परकराच्या नेफ्यात बोट घालते. नेफा सगळ्यात लबाड. बाहेरून परकर कोरडा ठणठणीत, आणि नाडीच्या बोगद्यात पाणी दबा धरून बसलेलं.

माझी सून वैशाली हसते मला. "आई, पोलीस तपास झाला का? घडी घालू का आता?" म्हणते. हसू दे. घडी घालायच्या आधी तीही हळूच गालाला लावून बघते, ते मी पाहिलंय.

असाच एक भाद्रपद होता. तू तेव्हा कॉलेजात होतीस, तुला काही ठाऊक नाही. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मी, मुलगा संतोष, वैशाली आणि नातू. गौरी-गणपतीची धांदल उरकली आणि माझ्या लक्षात आलं, आपल्याला सारखी खाज येतेय. कुठं? आता हीच तर पंचाईत आहे. मांडी जिथं संपते तिथं. जांघ हा शब्द आहे आपल्याकडं, डॉक्टर लोक सहज वापरतात. पण आपण बायका तो उच्चारला की पुढचं सगळं चित्र ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं उभं राहील असं वाटतं. मग आपण काय म्हणतो? 'जागा.' माझी आई तेच म्हणायची, तिची आईही तेच म्हणत असणार. जागेची आग होते, जागा दुखते, जागेवर पुरळ आलंय. एवढं मोठं आयुष्य त्या जागेवरून जातं, पोरंबाळं येतात, आणि तिला नाव म्हणून काय तर जागा. रेल्वेत रुमाल टाकून धरतात तसली.

आधी बोटभर लाल वर्तुळ होतं. कडेला पुरळ, मधे जरा फिकट. पुढं ते वाढलं, मग दुसऱ्या बाजूला जोडीदार आला. दिवसा कामात विसरायला व्हायचं. पण भजनाला बसलं, टाळ हातात घेतला, की नेमकं तेव्हाच उठायचं. बायका डोळे मिटून तल्लीन, आणि मी मांडी बदलतेय. मंडळातल्या शिंदेबाई एकदा म्हणाल्या, "अक्का, आज फारच रंगात आलाय तुम्ही, नुसत्या डोलताय!" डोलत नव्हते गं बाई. जीव जात होता माझा.

आणि मग सुरू झाला संशय. खाजेपेक्षा तोच जास्त चावतो बघ.

आधी मी साबणावर संशय घेतला. वैशालीनं मशीनसाठी नवीन निळा पातळ साबण आणला होता. मी म्हटलं, हेच ते. गुपचूप माझे कपडे हातानं वडीच्या साबणानं धुवायला लागले. फरक शून्य. मग पाण्यावर घेतला. सोसायटीच्या टाकीत काय मेलंय कुणाला माहीत! मग गावाकडून आलेल्या पाहुण्यांवर, कारण ते आमचा टॉवेल वापरून गेले होते. मग भजनी मंडळाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. मग वांग्यावर. आठवडाभर वांगं सोडलं, चण्याचं पीठ सोडलं, आंबट सोडलं. माझ्या संशयाला बिचाऱ्या लोणच्याच्या फोडीनंसुद्धा तोंड दिलं.

सगळं संपलं तसा एक दिवस संशय गेला तो गेलेल्या माणसावर. सांगू नये, पण सांगते. आमचे हे वाशीच्या मार्केटात पोती उचलायचे. कांदा, बटाटा, लसूण. पाठ आणि कंबर सदा घामानं भिजलेली, वर पोत्याची टोचणारी कूस. कंबरेच्या करगोट्याखाली त्यांना कायम नायटा असायचा. रविवारी उघडे बसायचे आणि मला म्हणायचे, "जरा खाजव गं, हात पोचत नाही." मीही खाजवायचे. त्यात काही वाईट वाटायचं नाही, उलट गप्पा व्हायच्या तेवढ्यात. तर त्या भाद्रपदात मी त्यांच्या फोटोसमोर उदबत्ती लावताना मनात म्हटलं, "तुम्हीच ठेवून गेलात का हो हे मला?" इतक्या वर्षांनी तसं होत नसतं, हे कळत होतं. पण संशयाला काय, मेलेलाही चालतो. फोटोतला माणूस आपला फेटा बांधून सरळ बघत होता. मग माझंच मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. पाठ खाजवायला लावणारा माणूस आता होता कुठं?

खरी भीती वेगळीच होती. माझ्यासारख्या एकट्या बाईला, या वयात, त्या जागी काही झालं म्हटलं की लोक काय समजतील? नवरा नाही, मग हे कुठून आलं? कुणी तसं म्हटलं नव्हतं. पण मी ज्याच्या त्याच्या तोंडात ते वाक्य आधीच घालून ठेवलं होतं. डॉक्टरकडं जायचं म्हणजे केसपेपर करणाऱ्या मुलीला सांगायचं, बाहेर बाकावरच्या लोकांनी ऐकायचं. त्यापेक्षा मेडिकल बरं. तेही आमच्या बिल्डिंगखालचं नव्हे. तो दुकानदार मला काकू म्हणतो, त्याच्या आईला मी ओळखते. छत्री घेऊन चालत जुईनगरला गेले. अनोळखी दुकान बघितलं, गिऱ्हाईक संपायची वाट बघितली आणि म्हटलं, "पायाला खाज सुटलीय, काहीतरी मलम द्या."

"पायाला कुठं, आजी?"

"पायाला म्हणजे... पायाला. वरच्या बाजूला."

त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. ट्यूब काढली, पिशवीत टाकली. "लावा, दोन दिवसांत आराम."

आणि खरंच आराम पडला गं! आग गेली, लाली गेली, भजनात डोलणं बंद झालं. मी त्या दुकानदाराला मनातल्या मनात आशीर्वाद दिले. मग ट्यूब संपली आणि आठवड्याच्या आत सगळं परत आलं. एकटं आलं नाही, नातेवाईक घेऊन आलं. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा वाढलेलं. कातडी पातळ झाल्यासारखी, नुसतं कापड लागलं तरी चर्रर व्हायचं. तेव्हापासून मला एक खोड लागलीय. अंगाला अचानक बरं वाटलं ना, की मी आधी घाबरते. दुखतंय तोवर माणूस सावध असतो. बरं वाटलं की म्हणावं, थांब, तू नक्की कोण आहेस?

त्याच दिवसांत घरात आणखी एक गोष्ट दिसायला लागली. वैशालीनं एक झाकणाची वेगळी बादली आणली. बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवली. मशीनमध्ये सगळ्यांचे कपडे एकत्र जायचे ते बंद झालं. काही कपडे त्या बादलीत, गरम पाणी ओतून, दार लावून धुवायला लागली. मी दारावरून गेले की पाण्याचा आवाज थांबायचा. नातवाचा टॉवेल माझ्या टॉवेलाशेजारून उचलून तिनं बेडरूमच्या दारामागं नेला. झालं. मला वाटलं, हिला कळलंय. माझ्या अंगाची हिला किळस यायला लागलीय. तोंडानं बोलत नाही, शिकलेली आहे ना, पण बादली बोलतेय. शिवाय ती संतोषच्या खोलीत झोपायची सोडून नातवाच्या खोलीत झोपायला लागली होती. म्हटलं, यांचंही काहीतरी बिनसलंय, आणि तेही आपल्यामुळंच.

कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना. एका दुपारी बाल्कनीत उभी राहून तुझ्या आईला फोन लावला. आवाज अगदी बारीक ठेवला होता. पण माझा बारीक आवाज म्हणजे काय, तुला माहितीये.

"शालन, जागेचं काही खरं नाही गं."

"का? काय झालं?"

"आतून सगळी खराब झालीय. आधी एका कोपऱ्यात होतं, आता दोन्ही बाजूंनी पसरलंय. सारखी ओल राहते."

"अगं बाई! मग कुणाला दाखवलीस का?"

"कुणाला दाखवू? पुरुषमाणसाला मी दाखवणार नाही. कुणी चांगली बाई असली तर बघू. आणि हे बघ, वैशालीला कळता कामा नये. संतोषला तर अजिबात नाही."

वैशाली स्वयंपाकघरात होती. खिडकी उघडी.

आता तुला आणखी एक सांगायला हवं. त्या वर्षी आमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटचं वारं शिरलं होतं. जुन्या बिल्डिंगा पाडायच्या, नवे टॉवर उठवायचे. लिफ्टच्या दारात, भाजीवाल्यापुढं, देवळात, जो तो एकच बोलायचा. तुमची जागा केवढी, आमची जागा कुठल्या बाजूची, जागा दाखवली का, जागेला ओल आहे का. आणि आमची ही जागा, म्हणजे हा फ्लॅट गं, ह्यांच्या माघारी माझ्या नावावर आहे. आता सांग, सुनेनं काय समजावं?

घरात एकदम गारठा पसरला. "आई, चहा ठेवलाय." बस्स, एवढंच. मी म्हटलं, हिला नक्की कळलंय. ती म्हणत असणार, म्हातारी आतल्या गाठीची निघाली. चार दिवस आम्ही दोघी एकमेकींना मांजरासारख्या बघत होतो, आणि दोघींच्याही मते चोर समोरची होती.

एका संध्याकाळी संतोष कामावरून आला. बूटही काढले नाहीत. माझ्यासमोर स्टूल ओढून बसला.

"आई, तू जागा दाखवायचं म्हणतेयस म्हणे कुणालातरी?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी का सांगेना. खरं की खोटं?"

"तुला काय करायचंय त्याच्याशी? तू तुझं बघ."

"मला काय करायचंय? अगं, तिथंच जन्मलो ना मी!"

ऐकतेयस ना? हे असं बोलला, माझ्या तोंडासमोर. मी डोळे मिटून घेतले.

"बाबांच्या माघारी तुझीच आहे, मान्य आहे," तो आपला सुरूच. "पण असं परस्पर? आम्हाला एका शब्दानं विचारायला नको?"

"मेल्या, आईशी असलं बोलायला लाज वाटते का तुला?"

"लाज कसली त्यात? अख्खी सोसायटी तेच बोलतेय!"

"अख्खी सोसायटी?" माझ्या डोळ्यांपुढं अंधार. शिंदेबाई, चेअरमन, वॉचमन, सगळे रांगेत उभे राहिले.

"हो! रविवारी मीटिंग आहे. तो बिल्डर स्वतः येऊन बघून जाणार आहे."

"बिल्डर?" मी किंचाळले. "बिल्डर कशाला बघेल माझी जागा?"

आणि हे माझ्याच तोंडून बाहेर पडलं तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, हातात उलथनं. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. बाईला बाईचं कसं कळतं सांगता येत नाही. तिचे डोळे मोठे झाले, मग तिनं पदरासारखी ओढणी तोंडात कोंबली आणि मटकन खालीच बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी. मीही सुटले. संतोष आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिला. "काय झालं? अरे, काय झालं सांगाल का कुणी?"

"तुम्ही जा आधी," वैशाली म्हणाली. "बूट काढा जा."

तो गेल्यावर ती माझ्याजवळ सरकली. हसू ओसरत आलं होतं. जरा वेळ फरशीवर बोट फिरवत राहिली आणि मग खाली मान घालूनच म्हणाली, "आई... मलापण आहे."

ती बादली तिची होती गं. तिचे कपडे वेगळे काढत होती, ते मला लागू नये म्हणून, पोराला लागू नये म्हणून. नवऱ्याला दिसू नये म्हणून वेगळी झोपत होती, आणि तो बापडा समजत होता की बायकोचं आपल्यावरून मन उडालं. तिनंही मेडिकलमधून ट्यूब आणली होती. वाशीतून, ओळख नको म्हणून. आत जाऊन घेऊन आली. मी उशीच्या अभ्र्यातून माझी काढली. दोघींच्या हातात एकाच नावाची ट्यूब, दोन्ही पोटातून पिळून पिळून सपाट केलेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाशीला गेलो, कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं. तिथंही गंमत बघ. मी म्हटलं, "हिला दाखवायचंय." ती म्हणाली, "नाही, आईंना दाखवायचंय." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आधी घरी ठरवून या," म्हणाल्या, आणि हसल्या. मग दोघींनाही तपासलं. ना नाक मुरडलं, ना भुवई वर केली. नुसतं म्हणाल्या, "बुरशी आहे. ओल, घाम आणि घासणं मिळालं की कुणालाही होते. सध्या दर दुसरा पेशंट हाच असतो माझ्याकडं." कुणालाही. त्या एका शब्दासाठी मी एवढे दिवस तळमळत होते.

ट्यूब दाखवल्या तशा त्या गंभीर झाल्या. त्यात म्हणे लाली दाबणारं तेज औषध मिसळलेलं असतं. वरून शांत दिसतं, खालून बुरशी पसरते आणि चिवट होते. ते बंद करायला लावलं, गोळ्या दिल्या, साधं मलम दिलं आणि बजावलं, "दिसायचं बंद झालं तरी मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. सगळे तिथंच फसतात." मग विचारलं, "कपडे कुठं वाळवता?"

"बाल्कनीत," मी म्हटलं.

"आतले?"

"तेही तिथंच. साडीखाली."

"साडीखाली म्हणजे?"

आता हे काय विचारणं झालं? दोरीवर आधी परकर, चड्ड्या, काचोळ्या घालायच्या आणि त्यावर साडी नाहीतर टॉवेल पसरायचा. मी तशी घालते, वैशाली तशी घालते, तू तशीच घालत असशील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, मीही तशीच घालायचे." मग म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यात जास्त ऊन ज्याला हवं, त्याला आपण कधीच ऊन दाखवत नाही."

रिक्षातून परत येताना माझ्या आईची आठवण येत होती. नदीवर धुणं धुतलं की ती माझं आतलं कापड माझ्या हातातून काढून घ्यायची आणि लुगड्याखाली सरकवायची. "पुरुषाच्या नजरेला पडता कामा नये." नदीवर पुरुष नसायचेच त्या वेळेला. होता तो वरचा सूर्य. त्यालाही आम्ही परका पुरुषच समजत आलो. आईची काही चूक नव्हती, तिच्या आईनं तिला तेच शिकवलेलं. पण तीही म्हणायची की गं, जागेची आग होते. चुलीपुढं बसलेली असताना मधेच उठून घरामागच्या परड्यात जायची, आणि डोळे पुसत परत यायची. धूर लागला म्हणायची. आम्ही पोरींनी तो धूरच समजला.

तेव्हापासून आमच्या बाल्कनीत आतले कपडे सगळ्यात पुढच्या दोरीवर असतात, उलटे करून, एकेक सुटा. ऊन नसेल तर इस्त्री, नेफ्यावर दाबून. पहिल्यांदा घातले तेव्हा मीच चारदा आत-बाहेर केलं. समोरच्या बिल्डिंगमधला प्रत्येक पडदा मला संशयित वाटला. शेजारच्या हलीमाभाभी, मूळच्या उरणकडच्या, त्यांच्या बाल्कनीतून बघत होत्या. म्हणाल्या, "काय गो अक्का, आज झेंडावंदन हाय का?" मी म्हटलं, "हो, या सलामीला." आठ-पंधरा दिवस गेले असतील, त्यांच्याही दोरीवरची चादर सरकली. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. नुसतं एकमेकींकडं बघून हसलो. पुढं सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की दर्शनी बाजूला असे कपडे घालू नयेत, बिल्डिंगचा लूक जातो. रिडेव्हलपमेंट राहिलं तिथंच, पाण्याच्या टाकीला झाकण नाही, आणि यांना लूक पडलाय!

आणि संतोषचं सांगायचं राहिलं. आम्ही डॉक्टरकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी चहा पिताना तो पंख्याकडं बघत म्हणाला, "त्या मॅडम पुरुषांना पण बघतात का?" वैशालीनं कप ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. एका छपराखाली तिघं जण खाजवत होतो, तिघं तीन दारं लावून.

गेलं का विचारशील, तर खरं सांगते. बरं झालं, पण महिने लागले. नंतर एका पावसाळ्यात माझं पुन्हा डोकावलं, पुन्हा गोळ्या घेतल्या. आता बरीच वर्षं नाही. पण हे दिवस आले की मी आपली सावध. जरा कुठं चुळचुळलं की आरशासमोर दिवा लावून बघते. मुंगी असते, नाहीतर घामोळं असतं, नाहीतर नुसता संशय असतो. राहू दे म्हटलं, सवयीचा झालाय.

आता तुझं. तू काय विचार करतेस ते मला पाठ आहे. लग्न झालं की त्याला दिसणार. तो विचारणार हे काय, कुठून आलं. आणि त्याच्या डोळ्यांत जे येईल ते बघायला लागण्यापेक्षा लग्नच नको. हेच ना? तुझी आई समजतेय तू कुणाच्या प्रेमात आहेस, आणि तू एका डागाला घाबरून प्रेमाचा माणूस सोडायला निघालीस. माझी वैशाली लग्नाच्या नवऱ्यापासून पळत होती, तू होणाऱ्यापासून पळतेस. आणि तो तिकडं काय समजत असेल, ते एकदा संतोषला विचार. त्या दिवसांत तो गॅलरीत एकटा उभा राहायचा, ते मी बघितलंय. त्याला सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे तुझं तू ठरव. त्यात मी बोलणार नाही. पण तपासून घेतल्याशिवाय त्याला नाही म्हणू नकोस. माझा अंदाज चुकला असेल, दुसरंच काही असेल, तर तेही डॉक्टरीणबाईच सांगतील. मी मलमाच्या वासावरून बोलतेय, मी काही डॉक्टर नाही.

त्या अजून वाशीलाच बसतात. नंबर मी लावते, माझ्या नावानं लावते. बाहेर कुणी विचारलं तर पेशंट मी. आत तू जा. बोलावलंस तर मीही येईन, नाही बोलावलंस तर बाहेर बाकावर बसून जपमाळ ओढीन.

तुझ्या मनात काय चाललंय तेही कळतंय मला. मावशीच्या पोटात काही राहत नाही, उद्या साताऱ्याला फोन जाईल. घे संशय, माझ्यावर खुशाल घे. पण तिकडं ऐरोलीत खोलीचं दार लावून घेऊ नकोस. इथं ये आणि माझ्या तोंडाकडं बघून घे. या शनिवारी संतोष पोराला घेऊन बाहेर जातोय. घरी मी आणि वैशाली, दोघीच. गावाकडचा घेवडा आलाय, तो शुक्रवारी भिजत घालते. भिजलेला घेवडा थांबत नाही गं कुणासाठी. ये.